पुड्यावरचं पथ्य

मिरजेहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातली हकिगत थोडक्यात अशी. सासूबाईंचं वय ७१, बारा वर्षांपासून मधुमेह. गेल्या दिवाळीनंतर थोरल्या दिरांनी मोबाइलवर एक डाएट योजना पाहिली आणि त्या योजनेचा शिक्का असलेले पुडे घरात यायला लागले. बिनसाखरेची बिस्किटं, मल्टिग्रेन आटा, मधल्या वेळचा भाजका चिवडा. महिन्याला दीड हजाराच्या वर खर्च. तीन महिन्यांनी तपासणी केली, तर सरासरी साखरेचा आकडा ७.४ वरून ८.६ वर गेलेला! आता सासूबाई म्हणतात, "माझं पथ्य चोख आहे, तूच आमटीत गूळ जास्त घालत असशील." पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात, "ताई, या पुड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही? आणि नसेल ठेवायचा, तर हे आमच्या घरात सांगायचं कुणी?"

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, त्याकडे शेवटी येते. आधी आमटीतल्या गुळावरचा आळ तपासू. पाच माणसांच्या आमटीत सुपारीएवढा खडा पडतो, त्यातला सासूबाईंच्या वाटीत कितीसा येणार? तो सोडला तर उत्तमच, पण एवढा आकडा चढायला तो पुरेसा वाटत नाही. तेव्हा बिस्किटांचा पुडा घ्या आणि उलटा करा. पुढची बाजू विकणाऱ्याची असते, मागची बाजू कायद्यानं लिहायला लावलेली असते. आपल्या कामाची ती मागचीच.

मागे घटक पदार्थांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. सर्वांत जास्त जे, ते पहिलं. बिनसाखरेच्या कितीतरी बिस्किटांवर पहिलं नाव मैदा असतं, मग पामतेल, मग माल्टिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन, आणि पुढे कुठंतरी गव्हाचा कोंडा. आपण कोंड्याचं चित्र पाहून पुडा घेतलेला असतो. यातलं माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात मोजलं जात नाही, पण रक्तात मात्र ग्लुकोजसारखंच झरझर उतरतं. माल्टिटॉल साखरेपेक्षा सौम्य खरं, तरी तेही थोडी साखर वाढवतंच आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं.

मग 'शुगर फ्री' लिहितात ते खोटं का? खोटं नाही, हीच तर गंमत आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर ते शब्द छापता येतात. मैद्याबद्दल त्या शब्दांत काहीच सांगितलेलं नाही, आणि मैद्याची साखर पोटात गेल्यावर होते.

आता थोडा हिशेब करू, वाण्याचा करतो तसाच. सासूबाई सकाळच्या चहाबरोबर चार आणि दुपारी चार बिस्किटं घेतात, असं पत्रात आहे. एक बिस्किट आठ ग्रॅमचं धरलं तर ६४ ग्रॅम झाली. अशा बिस्किटांत १०० ग्रॅमला साधारण ४५० ते ५०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला तीनशेच्या आसपास. फुलक्यांच्या भाषेत सांगायचं तर सासूबाईंनी दोन फुलके जास्तीचे खाल्ले आणि वर दोन चहाचे चमचे तेल प्यायल्या, आणि तेही दोन्ही वेळचं जेवण कमी न करता. पथ्याची बिस्किटं जेवणात धरत नाहीत ना! साधी गोड बिस्किटं असती तर बिचाऱ्या दोनावर थांबल्या असत्या. पुड्यावर पथ्य लिहिलेलं होतं म्हणून आठ खाल्ली गेली. माझ्या मते मुख्य गफलत इथंच आहे.

हिशेब करताना '१०० ग्रॅममागे' हा रकाना बघायचा. शेजारी एका 'सर्व्हिंग'चा रकाना असतो, तो दिसायला फार गोजिरवाणा. १५ ग्रॅम चिवड्याचं सर्व्हिंग म्हणजे बाळमूठ. टीव्हीसमोर बसून कुणी १५ ग्रॅम चिवडा खाल्लेला मी तरी पाहिला नाही.

मल्टिग्रेन आट्याचं थोडक्यात सांगते. ज्या धान्याचा गाजावाजा केला असेल त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं, तेव्हा ते वाचा. बऱ्याच पुड्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास गहूच असतो आणि बाकी पाच-सहा धान्यं मिळून दहा टक्के. 'भरपूर तंतुमय' म्हणायला १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम तंतू लागतात. आपल्या गिरणीतून दळून आणलेल्या, कोंडा न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११ ग्रॅमच्या आसपास असतात! पण गिरणीवाला पिशवीवर काही छापून देत नाही, म्हणून आपल्याला त्याचं अप्रूप नाही. मूठभर ज्वारी, नाचणी, हरभरे गव्हात घालून दळायला दिले की झालं मल्टिग्रेन.

राहिला डाएट योजनेचा शिक्का. यावरून एका अमेरिकन बाईंची गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नायडेच, आपल्यासारख्याच संसारी बाई. वजन ९७ किलो आणि व्यसन कसलं, तर बिस्किटांचं! १९६१ मध्ये त्या शहराच्या आरोग्य खात्यानं चालवलेल्या दवाखान्यात गेल्या. तिथं त्यांना साधं पथ्य लिहून मिळालं. ते एकटीनं पाळवेना, म्हणून त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावलं. दर आठवड्याला जमायचं आणि कुणाचं कुठं चुकलं ते मोकळेपणानं सांगायचं. बाईंचं वजन ३० किलोंच्या वर उतरलं. त्या बैठकांतूनच १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. १९७८ मध्ये ती कंपनी विकत कुणी घेतली? हाइन्झनं, म्हणजे टोमॅटो केचप करणाऱ्यांनी. त्याबरोबर त्या नावाचं गोठवलेलं तयार जेवणही हाइन्झच्या हाती आलं.

कंपनीनं काही पाप केलं असं मला म्हणायचं नाही. पण गुण आला तो पथ्याला आणि मैत्रिणींच्या सोबतीला. डब्याला चिकटलं ते नुसतं नाव. कुठलीही योजना घ्या, ती हे खा आणि ते सोडा असं सांगते. सोडायला पैसे पडत नाहीत, म्हणून सोडायला सांगून कुणाचा धंदा चालत नाही. मग सोडलेलाच पदार्थ वेगळ्या कागदात गुंडाळून परत येतो. दिवसातून दोनदाच जेवायचं, मध्ये काही खायचं नाही, अशा योजनेच्या एका गटात मी आहे. तिथंसुद्धा मधल्या वेळच्या डाएट लाडवांची जाहिरात आलेली पाहिली. आता मधली वेळच नाही, तर लाडू खायचा कधी?

आणखी एक लक्षात ठेवा. डॉक्टरांनी शिफारस केलेलं, असं खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर छापायला आपल्या कायद्यानं बंदी आहे. योजनांची नावं, हृदयाची चित्रं आणि सडपातळ बायकांचे फोटो पुड्यांवर एवढे दिसतात त्याचं हेही एक कारण असावं, असा माझा कयास आहे. परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो तो जरूर पाहावा, पण त्याचा अर्थ उत्पादकाची नोंद आहे एवढाच. तो पदार्थ साखर उतरवतो असं सरकार म्हणत नाही. बाटलीतल्या आणि डब्यातल्या पेयांचीही तीच कथा. 'हेल्थ ड्रिंक' अशी कुठली व्याख्याच कायद्यात नाही, म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना ती पेयं त्या सदरातून काढायला सांगितलं होतं.

याचा अर्थ पुडा दिसला की नाक मुरडायचं असा नाही. साधे ओट्स, बिनसाखरेचं दही, सातूचं पीठ असे यादीत एकदोनच नावं असलेले पदार्थ खुशाल आणा. आजारपणात डॉक्टरांनी नाव घेऊन दिलेली पावडर ही तर वेगळीच गोष्ट, ती बंद करू नका.

आता घरात सांगायचं कसं. दिरांनी ते पुडे प्रेमानं आणले आहेत, तेव्हा "तुमच्या बिस्किटांनी साखर वाढली" असं म्हणाल तर पुढचे दोन महिने बोलणं बंद. त्यापेक्षा दिरांनाच कामाला लावा. स्वयंपाकघरातला वजनकाटा समोर ठेवा, आठ बिस्किटं मोजायला सांगा आणि मागचा तक्ता त्यांनाच मोठ्यानं वाचू द्या. अक्षर बारीक असतं, तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगितलं तरी चालेल. आमटीतला गूळ त्याच दिवशी सासूबाईंच्या देखत बंद करा, म्हणजे तो मुद्दा उरणार नाही.

मात्र बिस्किटं एकदम तोडू नका. सासूबाईंना गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर खाणं अचानक कमी केल्यानं साखर फार खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना तपासणीचा कागद दाखवा, रोज आठ बिस्किटं होती हे न लपवता सांगा, आणि ते म्हणतील तसं उतरवा. चक्कर, घाम, हातांना थरथर असं झालं तर लगेच द्यायला घरात साधी साखर हाताशी हवीच. तिथं शुगर फ्रीची पुडी उपयोगाची नाही.

चहाबरोबर काय द्यायचं? मूठभर फुटाणे उत्तम. ५० ग्रॅम फुटाण्यांत १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि खर्च दहा-बारा रुपये. पण सासूबाईंना कवळी आहे असं तुम्ही लिहिलं आहे, तेव्हा फुटाणे चावणार नाहीत. त्याऐवजी भिजवलेल्या मुगाचं तळहाताएवढं एक धिरडं करा, त्यात आलं-मिरची आणि थोडी कोथिंबीर, तेल नावापुरतं. रात्री मूग भिजत टाकले की सकाळी पाच मिनिटांचं काम. आणि त्या दिवशी दुपारच्या जेवणात अर्धी पोळी कमी वाढा. तीन महिन्यांनी तपासणी झाली की आकडा काय आला ते मला जरूर कळवा.