कळलावीचा कंद आणि नॅनोची बाटली

मागल्या महिन्यात पोलादपूरला मावसभावाकडे गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या इस्पितळात दादाची अँजिओप्लास्टी झालेली. वहिनींनी कपाटातून एक बाटली काढली. "भावजी, ही नॅनोची आहे. रक्तवाहिनीतली सूज काढते म्हणे. ही आणल्यापासून यांनी जुन्या गोळ्या बंदच केल्यात." किंमत अठराशे रुपये! मी बी.कॉम. झालेला कारकून, डॉक्टर नव्हे. पण त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचतो आहे.

सुजेची गोष्ट खोटी नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरात चरबी साचते. ती खायला पांढऱ्या पेशी जातात, खाऊन फुगतात नि तिथेच मरतात. मग त्या जागी सूज धुमसत राहते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, रक्ताची गुठळी होते आणि माणसाला झटका येतो. म्हणून कोलेस्टेरॉल उतरले तरी धग मागे उरू शकते.

ती विझवू पाहणारे एक औषध आपल्याच डोंगरातल्या वेलीत आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या फुलांची कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. २०२० साली ५,५२२ जुन्या हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अँजिओप्लास्टीसारखे उपचार करावे लागणे, असे शंभरात सुमारे सात जणांना झाले. न घेणाऱ्यांत सुमारे दहा जणांना. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला हृदयरोगासाठी मान्यता दिली. मात्र नुकताच झटका आलेल्यांवरच्या २०२४ च्या मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही.

पण कंद उकरून खाऊ नका! तो खाऊन माणसे दगावली आहेत. मूत्रपिंड कमजोर असेल तर गोळीसुद्धा बाधू शकते. सूज एका जागी, औषध मात्र रक्ताबरोबर अंगभर फिरते.

इथेच नॅनोची कल्पना येते. केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान अशा कवचात औषध भरायचे. पांढऱ्या पेशींना असले कण गिळायची सवयच असते, तेव्हा औषध नेमके त्यांच्याच पोटात जावे. नेदरलँड्समध्ये स्टिरॉईड भरलेल्या चरबीच्या कवचांचा प्रयोग रुग्णांवर झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. औषध सुजलेल्या जागी पोचले, पण सूज उतरली नाही. आमच्या कचेरीच्या भाषेत, पत्र बरोबर पत्त्यावर गेले पण काम झाले नाही. २०२० मध्ये अमेरिकेत कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांनी पेशींना मेलेल्या पेशी खायला लावले, थर कमी झाला. पण तो उंदरांमध्ये. रक्तवाहिनीच्या सुजेवरचा असा उपचार अजून प्रयोगातच आहे. मग अठराशे रुपयांच्या बाटलीत काय असेल?

दादाच्या बंद पडलेल्या गोळ्यांत रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन होती, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनही होती. त्या परस्पर सोडल्या तर बसवलेल्या जाळीत गुठळी होण्याची भीती असते. हे सांगितल्यावर वहिनी गप्पच बसल्या. दुसऱ्या दिवशी दादाला डॉक्टरांकडे नेले. ईसीजी काढला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

बाटली मी महाडला घेऊन आलो. लेबलवर किंमत ठळक छापली आहे, आत कोणते औषध ते कुठेच लिहिलेले नाही.