गृहव्यवहार : कंपनी गाडी परत बोलावते तेव्हां

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अनसिंग ह्या गांवाहून आमच्या एका वाचकांनीं एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबानें कांहीं वर्षांपूर्वीं पुण्याच्या एका आप्तांकडून त्यांची वापरलेली मोटारगाडी विकत घेतली. त्या जातीच्या कांहीं गाड्या कंपनीनें दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्याचें वर्तमान त्यांच्या नुकतेंच वाचनांत आलें. आपणांस तर कोणाचेंहि पत्र आलें नाहीं. तेव्हां आपली गाडी त्यांत आहे किंवा नाहीं हें कसें समजावें, आणि असल्यास दुसऱ्या हातानें घेतलेल्या गाडीची दुरुस्ती फुकट कोण करून देणार, असें ते विचारतात. अशी पुण्यामुंबईहून आलेली गाडी हल्लीं गांवोगांवच्या वाड्यांपुढें उभी असते. म्हणून ह्या महिन्यांत ह्याच प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्यास व्यवहारांत 'रिकॉल' म्हणतात तें काय, हें प्रथम पाहूं. कारखान्यांतून एकाच घडणीच्या हजारों गाड्या बाहेर पडतात. त्यांतील एखादा सुटा भाग सदोष निघाला, म्हणजे तो दोष एका गाडीपुरता राहत नाहीं; त्या तुकडींतील प्रत्येक गाडींत तो दडून बसलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळीं कंपनी त्या मुदतींत बनलेल्या गाड्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांकडे आणावयास सांगते, तो भाग तपासते व लागल्यास बदलून देते. भागाची किंमत आणि मजुरी ह्या दोन्ही कंपनीनें सोसावयाच्या असतात. वॉरंटी ही ह्याहून निराळी गोष्ट होय. वॉरंटी गाडीचें वय व तिची धांव पाहते; रिकॉल केवळ दोष पाहतो. ब्रेकचे पॅड वापरानें झिजले तर तो खर्च मालकाचा. परंतु स्टिअरिंगचा दांडा कारखान्यांतूनच कच्चा आला असेल तर तो खर्च कंपनीचा. गाडी परत बोलाविली म्हणजे कंपनी ती काढून घेणार, असाहि एक भ्रम कित्येकांस असतो. तोहि मनांतून काढून टाकावा. गाडी दुरुस्त होऊन आपल्याच दारीं परत येते.

कंपन्या ह्या कामास नेहमींच रिकॉल म्हणतात असेंहि नाहीं. २०१० सालीं कांहीं नॅनो गाड्यांस आगी लागल्यावर टाटा मोटर्सनें त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत सुमारें ७०,००० गाड्यांस संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचें जाहीर केलें, पण हा रिकॉल नव्हे असें आवर्जून सांगितलें. तेव्हां पत्रांत 'सर्व्हिस कॅम्पेन', 'मोफत तपासणी' किंवा 'भाग बदलण्याची मोहीम' असे शब्द असले तरी तें कागद रद्दींत टाकूं नये. नांव कांहीं असो, काम जिवाशीं संबंध असलेलें असूं शकतें.

आतां आपली गाडी त्यांत आहे कीं नाहीं, हें नुसत्या जातीवरून समजत नाहीं. ती केव्हां व कोठें बनली ह्यावर तें अवलंबून असतें. जुलै २०२१ मध्यें महिंद्र कंपनीनें आपल्या नाशिकच्या कारखान्यांतील सहाशेंहून कमी डिझेल गाड्या तपासणीसाठीं बोलाविल्या. कारखान्यांत आलेलें इंधन अशुद्ध असल्याचा संशय होता, आणि त्या गाड्या २१ जून ते २ जुलै अशा अवघ्या बारा दिवसांतल्या होत्या. शेजारच्या दारांतील हुबेहूब तशीच गाडी महिनाभर आधींची असेल तर तिला भय नाहीं. उलट मारुतीनें जुलै २०२३ मध्यें एस्प्रेसो व ईको ह्या जातींच्या ८७,५९९ गाड्या बोलाविल्या. त्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ एवढ्या दीर्घ मुदतींत बनलेल्या होत्या. त्यांच्या स्टिअरिंगच्या 'टाय रॉड' नामक दांड्याचा एक भाग क्वचित् प्रसंगीं मोडण्याचा संभव होता. तो मोडला तर हातांत चाक असूनहि गाडी वळेलच अशी खात्री उरत नाहीं.

कधीं कधीं जुनी गाडी नव्या भागामुळें यादींत येते. ऑक्टोबर २०२४ मध्यें होंडा कार्सनें इंधनाच्या पंपासाठीं ९०,४६८ गाड्या बोलाविल्या. त्यांशिवाय ज्यांत तोच पंप मागाहून सुटा बसविला गेला होता अशा २,२०४ जुन्या गाड्याहि त्यांत धरल्या. म्हणून सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेवाव्या.

भाग येईपर्यंत गाडी वापरावी कीं नाहीं, हाहि प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचें उत्तर पत्रांतच दिलेलें असतें. सप्टेंबर २०२१ मध्यें मारुतीनें सियाझ, एर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस व एक्सएल-६ ह्या जातींच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलाविल्या, तेव्हां त्यांतील विजेचा एक भाग बदलेपर्यंत सांचलेल्या पाण्यांतून गाडी नेऊं नये व विजेच्या भागांवर थेट पाणी मारूं नये, असें सांगितलें होतें. नाल्यावरून पाणी वाहत असतां गाडी घालणारे आणि अंगणांत रबरी नळीनें ती धुणारे आमचे वऱ्हाडांतील वाचक ह्या सूचनेचें मर्म सहज जाणतील. त्याच कंपनीनें जानेवारी २०२३ मध्यें १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या नियंत्रकासाठीं बोलाविल्या, आणि तो भाग बदलेपर्यंत गाडी मुळींच चालवूं नये असा सल्ला दिला. अशा वेळीं 'वाशीमपर्यंत तर जाऊन येऊं' असें म्हणूं नये; गाडी ओढून नेण्याची व्यवस्था विक्रेत्याकडेच मागावी.

एअरबॅगचा विषय निघाला आहे तर टाकाटा ह्या जपानी कंपनीचा वृत्तांत सांगितलाच पाहिजे. अपघाताचा धक्का बसतांच एअरबॅग एका क्षणांत फुगावी म्हणून तिच्यामागें धातूच्या डबींत स्फोटक द्रव्य ठेवलेलें असतें. टाकाटानें त्यासाठीं अमोनियम नायट्रेट वापरलें. वर्षानुवर्षें उष्णता व दमटपणा सोसून तें द्रव्य बिघडतें, वाजवीहून अधिक जोरानें पेटतें, आणि ती डबीच फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. एकट्या अमेरिकेंतच ह्यामुळें पंचवीसहून अधिक माणसें दगावलीं; जगभर कोट्यवधि गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि जून २०१७ मध्यें टाकाटाचें दिवाळें निघालें. भारतांत होंडानें जानेवारी २०१७ मध्यें ४१,५८० गाड्या ह्याच कारणासाठीं बोलाविल्या. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा दोष गाडी नवी असतांना दिसत नाहीं. ती जसजशी जुनी होते तसतसा तो वाढतो. वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं तापणारी व श्रावणांत ओलाव्यांत उभी असणारी आमच्याकडील जुनी गाडी ह्या दृष्टीनें अधिकच जपण्याजोगी आहे. गांवचा मिस्त्री कितीहि कुशल व प्रामाणिक असला तरी हा दोष त्याच्या डोळ्यांस दिसणारा नव्हे.

मग एवढ्या महत्त्वाची वार्ता घरीं पोहोंचत कां नाहीं? कारण साधें आहे. कंपनीच्या वहींत नांव असतें तें पहिल्या खरेदीदाराचें. गाडी अनसिंगला आणि पत्र पुण्याला, अशी 'आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं' ह्या म्हणीसारखी गत होते. पुण्याच्या आप्तांनीं घर बदललेलें असतें, मोबाईलचा क्रमांक बदललेला असतो, किंवा गाडी विकून टाकल्यामुळें तो संदेश ते न वाचतांच पुसून टाकतात. एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. गाडी आजोबांच्या नांवावर, चालविणार पुतण्या, पेट्रोलचे पैसे थोरल्या भावाकडून, आणि कागद काकूंच्या कपाटांत. गाडी सर्वांची असते, म्हणून तिची चौकशी कोणाकडेच नसते. दोष मात्र हें कांहीं पाहत नाहीं. तो जो कोणी त्या दिवशीं गाडींत बसला असेल त्याच्याच वांट्यास येतो.

कायद्याचें साह्य आतां पूर्वींहून अधिक आहे. अमेरिकेंत ह्याविषयींचा कायदा १९६६ सालींच झाला. आपल्या देशांत मोटार उत्पादकांच्या 'सियाम' ह्या संस्थेनें जुलै २०१२ मध्यें स्वेच्छेचा नियम घालून घेतला. तोंपर्यंत सर्व कंपनीच्या मर्जीवर होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत कलम ११०-अ आलें, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलांत आले. दोषामुळें चालकास, प्रवाशांस, रस्त्यावरील इतरांस किंवा पर्यावरणास अपाय होण्याचा संभव असेल, तर केंद्रसरकार गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम कंपनीस देऊं शकतें. मग कंपनीनें गाडी दुरुस्त करावी, बदलून द्यावी किंवा तिची किंमत परत करावी. हुकमानें गाड्या परत बोलवाव्या लागल्यास गाड्यांच्या संख्येप्रमाणें दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. हे नियम सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरते आहेत. त्याहून जुन्या गाड्या कंपन्या कधीं कधीं आपण होऊन बोलावितात.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. गाडीच्या आर. सी. बुकांत चासी नंबर दिलेला असतो. तीं सतरा अक्षरें व आकडे एका वहींत स्वच्छ उतरून घ्यावे. एक खूण ध्यानांत ठेवावी : त्या नंबरांत आय, ओ व क्यू हीं इंग्रजी अक्षरें कधींच येत नाहींत, म्हणून जेथें गोल दिसेल तेथें शून्य समजावें व जेथें उभी रेघ दिसेल तेथें एक. हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, अथवा कोणत्याहि अधिकृत विक्रेत्यास दूरध्वनीनें सांगून 'ह्यावर कांहीं रिकॉल बाकी आहे काय?' असें स्पष्ट विचारावें. येथें ताकाला जाऊन भांडें लपविण्याचें कारण नाहीं. आपण कोणाची मेहेरबानी मागत नसतों. कंपनीच्या यादींत मालकाचें नांव नव्हे, गाडीचा नंबर असतो. त्यामुळें गाडी दुसऱ्या हाताची असो वा तिसऱ्या, आणि ती पुण्यास घेतलेली असली तरी वाशीमच्या किंवा अकोल्याच्या अधिकृत विक्रेत्याकडे हें काम व्हावयास हरकत नसते. त्याच वेळीं आपला पत्ता व मोबाईलचा क्रमांक त्यांच्या वहींत घालावयास सांगावा, म्हणजे पुढचें पत्र तरी योग्य दारीं येईल.

अनसिंगसारख्या गांवाहून निघण्यापूर्वीं भाग आला आहे काय, हें विचारून दिवस ठरवून घ्यावा. नाहीं तर एक दिवस व पेट्रोल दोन्ही व्यर्थ जातात. गाडी देतांना जॉब कार्डावर रिकॉलचें काम स्वतंत्रपणें लिहून घ्यावें. त्याबरोबर तेल बदलणें, धुणें वगैरे कामें सुचविलीं जातील. तीं करावयाचीं तर खुशाल करावीं, परंतु त्यांचा रिकॉलशीं संबंध नाहीं व त्यांवांचून हें काम अडत नाहीं. काम झाल्यावर त्याचा कागद मागून आर. सी. बुकाजवळ ठेवावा, पुढें गाडी विकतांना तो घेणाऱ्याच्याहि उपयोगी पडेल. आणखी एक सावधगिरी. रिकॉलच्या नांवाखालीं कोणी दूरध्वनीवर पैसे मागेल किंवा मोबाईलवर आलेला गुप्त अंक विचारील, तर तो भामटा समजून संभाषण तेथेंच थांबवावें.

विक्रेत्यानें पैसे मागितले अथवा टाळाटाळ केली, तर तेथें वाद घालीत बसूं नये. नकार लेखी मागावा आणि कंपनीच्या ग्राहकसेवेकडे चासी नंबरासह लेखी तक्रार करावी. तेवढ्यानें न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक साह्यक्रमांक १९१५ आहे, व शेवटीं जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडीसाठीं दिलेली किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर तेथें फी पडत नाहीं, मात्र तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी. आपल्या गाडींत एखादा दोष दिसला व कंपनीनें कांहींच जाहीर केलेलें नसेल, तर सरकारच्या 'वाहन' ह्या संकेतस्थळावर तो नोंदवावा. पुष्कळांच्या अशा नोंदी एकत्र झाल्या म्हणजेच सरकारास चौकशी करण्यास आधार मिळतो, आणि आपल्या एका नोंदीनें दुसऱ्या कोणाचें घर वांचूं शकतें.

हें काम वर्षांतून दोनदां करावें व तें घरांतील एका माणसाकडे नेमून द्यावें. दसऱ्यास आपण गाडीस झेंडूचा हार घालतों व तिची पूजा करितों. त्या दिवशीं चासी नंबर एकदां पाहावा, आणि सहा महिन्यांनीं गुढीपाडव्यास पुन्हां पाहावा. दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. काकूंच्या कपाटांतील कागद ज्याच्या हातीं सहज येतो त्यानेंच हें पत्करलें तर उत्तम. ते कागद काढण्यासाठीं दसऱ्याची वाट मात्र पाहूं नये, ह्याच आठवड्यांत काढावे.