फुकटचा फोटोग्राफर

गॅदरिंग जवळ आलं की कॉलेजात दोन माणसांचा भाव एकदम वधारतो. एक बाईकवाला आणि दुसरा कॅमेरावाला. फरक एवढाच, की बाईकवाल्याला निदान पेट्रोलचे पैसे तरी मिळतात. कॅमेरावाल्याला मिळतो एक वडापाव आणि "भावा, फोटो कधी देतोस?" हा प्रश्न. तोही दिवसातून दहा वेळा!

मी या कॅमेरावाल्यांपैकीच एक. म्हणून आज स्पष्टच लिहितो. फोटोग्राफीच्या छंदाचे पैसे घ्यावेत की नाही, यावर होस्टेलमध्ये रात्र-रात्र वाद होतात. माझं मत पक्कं आहे : घ्यावेत, आणि योग्य तेवढे घ्यावेत.

"मैत्रीत कसले रे पैसे?" असं काही जण लगेच म्हणतील. ठीक आहे. पण आपण इंजिनिअर होणार ना? मग आधी कॉस्टिंग करू. निकॉनने डी-३५०० या आपल्या साध्या डीएसएलआरच्या शटरची चाचणी १,००,००० उघडझापींपर्यंत घेतली होती. समजा तुमच्या कॅमेऱ्याचं शटर तेवढंच टिकणार आहे आणि कॅमेरा ४०,००० रुपयांचा आहे. म्हणजे प्रत्येक क्लिकला ४० पैशांची झीज. गॅदरिंगच्या तीन दिवसांत १,५०० क्लिक झाले तर ६०० रुपये तिथेच गेले. पुढे त्यातले १५० फोटो निवडून प्रत्येकावर ३ मिनिटं एडिटिंग केलं, तर साडेसात तास. तेही नेमके सबमिशनच्या आठवड्यात! रोलच्या काळात ३६ फोटो झाले की रोल संपायचा, तो धुवायला टाकायचे पैसे सगळ्यांना दिसायचे. डिजिटल आलं म्हणून खर्च संपला नाही, तो फक्त दिसेनासा झाला.

या हिशोबात आणखी एक माणूस आहे, त्याचा आपण विचारच करत नाही. गावातला स्टुडिओवाला. रोल धुण्याचं त्याचं काम डिजिटलने नेलं. घरगुती फोटो मोबाईलने नेले. उरले पासपोर्ट फोटो, लग्नं आणि बारशी-साखरपुड्यासारखे छोटे कार्यक्रम. दुकानाचं भाडं आणि लाईट बिल मात्र त्याला दर महिन्याला भरावंच लागतं. अशा वेळी मी हौसेपोटी कुणाचं बारसं फुकट शूट केलं, तर माझी प्रॅक्टिस होते आणि त्याची ऑर्डर जाते. मी त्याच्या आसपासचा दर लावला तर ती स्पर्धा झाली. पण फुकटाशी कोण स्पर्धा करणार? म्हणून पैसे मागणं हा मला हावरटपणा वाटत नाही. उलट, ज्याचं पोट या कामावर आहे त्याचा दर न पाडणं हा साधा शहाणपणा आहे.

आता मुख्य प्रश्न, पैसे मिळतात कुठे? पहिलं उत्तर सगळे देतात, "फोटो ऑनलाईन विक." जरूर विका, पण डोळे उघडे ठेवून. जून २०२० मध्ये शटरस्टॉकने फोटोग्राफरला विक्रीतला १५ ते ४० टक्के हिस्सा देण्याची पद्धत आणली, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर! शिवाय फोटोत ओळखू येणारा चेहरा असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी लागते. शे-दोनशे फोटो टाकून मेसचं बिल निघेल, या भ्रमात राहू नका.

खरं काम आपल्या गावाकडेच आहे. होस्टेलमध्ये कोण येवल्याचा, कोण पेणचा, कोण सावंतवाडीचा. येवल्याची पैठणी, पेणचे गणपती, सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळ्यांना ठाऊक. पण अशा वस्तूंचे फोटो ट्यूबलाईटखाली काढून व्हॉट्सअॅपवर पाठवले, तर त्यांची रया जाते. साडीचा रंग फोटोत एक आणि हातात दुसरा निघाला की साडी परत आलीच समजा. इथे महागडी लेन्स लागत नाही. खिडकीचा उजेड, समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट आणि पांढरा कागद धरून नीट लावलेला व्हाइट बॅलन्स, एवढं पुरतं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घराजवळच्या एका दुकानातल्या ६० साड्यांचे फोटो काढले, साडीमागे ५० रुपये घेतले. ३,००० रुपये! वडिलांना सांगितलं, "या महिन्याचं मेसचं बिल पाठवू नका." ते काही बोलले नाहीत, पण आईने फोनवर दोनदा विचारलं, "खरंच का रे?"

मात्र काम ठरवतानाच लिहून घ्या : किती फोटो, कधीपर्यंत, किती पैसे आणि ते कुठे वापरणार. यामागे कायदाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. फोटो मी काढला हे सांगण्याचा हक्क मात्र काढणाऱ्याकडेच राहतो.

आणि हो, पैसा आला की छंद मरतो, ही भीती अगदीच खोटी नाही. हप्त्यावर कॅमेरा घ्यायचा, हप्ता फेडायला लग्नं शूट करायची आणि लग्नांसाठी लेक्चरं बुडवायची, हे चक्र एकदा सुरू झालं की केटी ठरलेली! म्हणून आहे त्या कॅमेऱ्यावर, सुट्टीत आणि रविवारीच काम घ्यावं. माझा नियम सोपा आहे. मित्राच्या आजीचा फोटो फुकट, कितीही काढीन. पण ज्या कार्यक्रमात मंडपवाल्याला, साऊंडवाल्याला, बुकेवाल्याला पैसे मिळतात, तिथे कॅमेरावाल्यालाही मिळाले पाहिजेत.

तेव्हा कमिटीच्या मित्रांनो आणि सरांनो, यंदाच्या बजेटमध्ये फोटोग्राफीची एक ओळ घाला. रक्कम छोटी असली तरी चालेल. आणि मासिकात फोटो छापाल तेव्हा त्याखाली काढणाऱ्याचं नाव छापायला विसरू नका. त्याला तर एक रुपयाही लागत नाही!