विश्लेषण : चेस्टरविना ‘लिंकिन पार्क’... नवे गाणे जुन्या चाहत्यांना पटेल का?

मुख्य गायकाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी ‘लिंकिन पार्क’ हा अमेरिकी रॉक बँड नव्या गायिकेसह परतला आहे. ‘द एम्प्टीनेस मशीन’ हे त्यांचे गाणे ५ सप्टेंबरला, गणपतीच्या तोंडावर आले. कोपरीत इमारतीखाली मांडवाची ठोकाठोक सुरू असताना मी ते मोबाइलवर ऐकले. पहिल्यांदा राग आला. चौथ्यांदा ऐकल्यावर मत बदलले.

हा बँड इथे इतका जवळचा का?

‘हायब्रिड थिअरी’ हा त्यांचा पहिला अल्बम २००० साली आला. तेव्हा ठाणे-डोंबिवलीत इंग्रजी गाणी सायबर कॅफेतून सीडीवर उतरवून घेतली जात आणि तीच सीडी दहा मित्रांत फिरे. निम्मे शब्द कळत नसत. पण चेस्टर बेनिंग्टन ओरडला की त्याला काहीतरी दुखते आहे, हे कळे. घरात ‘मार्क किती पडले?’ यापलीकडे फारसे बोलणे नसलेल्या मुलांना तो आवाज आपला वाटला. २० जुलै २०१७ रोजी, ४१व्या वर्षी चेस्टरने आत्महत्या केली. म्हणून त्याच्या जागी दुसरे कुणी उभे राहणे अनेकांना खटकते.

बँडमध्ये काय बदलले?

‘डेड सारा’ बँडची एमिली आर्मस्ट्राँग आता माइक शिनोडासोबत गाते. ड्रमवर रॉब बोर्डनऐवजी कॉलिन ब्रिटन आहे. ‘फ्रॉम झीरो’ हा अल्बम १५ नोव्हेंबर २०२४ रोजी आला.

गाणे कसे आहे?

जेमतेम सव्वातीन मिनिटांचे. पहिले कडवे आणि ध्रुवपद शिनोडा एकटाच गातो, तेही रॅप न करता. एमिलीचा आवाज येतो तो दुसऱ्या कडव्याला. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. घरातला ओळखीचा माणूस दार उघडतो आणि मग पाहुण्याला आत घेतो, तसे हे आहे. एमिलीचा आवाज खरखरीत आहे, ती ताकदीने ओरडते. पण चेस्टरची नक्कल करत नाही. गाण्याचा विषय आहे तो कुणीतरी आपल्याला स्वीकारावे म्हणून स्वतःलाच गमावून बसण्याचा.

उणीव कुठे आहे?

चाल पहिल्या ऐकण्यात तोंडात बसते, पण कुठेही चकवत नाही. जुन्या साच्यातलेच सुरक्षित गाणे आहे. शब्दही मोघम आहेत. चेस्टरच्या गाण्यांतली जखम इथे दिसत नाही.

आक्षेप कितपत रास्त?

नाव बदलायला हवे होते, असे अनेक चाहते म्हणतात. चेस्टरच्या मुलानेही जाहीर नाराजी व्यक्त केली आहे. ते दुःख समजण्यासारखे आहे. आपल्याकडे नाटक ‘नव्या संचात’ येते, तेव्हा प्रेक्षक तुलना करतो, पण तिकीटही काढतो. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ संदीप पाठक यांनी पुढे नेलेच. मात्र नाटकात संहिता असते. चेस्टर स्वतःचेच दुखणे गात होता. ते दुसऱ्याला कसे देणार?

म्हणून नवे गाणे हाच प्रामाणिक मार्ग वाटतो. बॉन स्कॉटच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी, १९८० मध्ये ‘एसी/डीसी’ने ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ केला. जॉन्सनला स्वतःची गाणी मिळाली, म्हणून तो टिकला. एमिलीलाही तीच संधी हवी. तिची खरी परीक्षा मंचावर, चेस्टरची गाणी गाताना होती. दौऱ्याच्या पहिल्या यादीत लॉस एंजेलिस, लंडन, सोल होते, मुंबई नव्हती. तेव्हा आपल्या हाती हेडफोनच होते.

मग ऐकावे का?

ऐकावे, पण चेस्टरला शोधत नव्हे. त्याचे अल्बम जागेवरच आहेत. त्याच्या मित्रांना मात्र त्याच्यानंतरही गावेसे वाटले, हे सांगणारे हे गाणे आहे. ज्यांनी जवळचे माणूस असे गमावले आहे, त्यांना त्याचे मोल कळेल.

(मन खचले असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.)