चालत्या यंत्रांची सक्तीची निवृत्ती

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक एकाएकी म्हातारे झाले. त्यांची कळ मोडली नव्हती की पडदा काळवंडला नव्हता. आदल्या दिवशी पगारपत्रके तयार करणारी आणि गुणपत्रिका छापणारी ही यंत्रे दुसऱ्या दिवशीही तीच कामे निमूटपणे करीत होती. बदल झाला तो एवढाच की, ज्या विंडोज-१० या प्रणालीवर ती चालत होती, तिची नेहमीची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या दिवसापासून अंगावेगळी केली. प्रणालीत सापडणारी सुरक्षेची भगदाडे पूर्वीप्रमाणे आपोआप बुजविली जाण्याचे थांबले. त्याऐवजी विंडोज-११ घ्यावी म्हटले, तर ती अनेक जुन्या यंत्रांवर चढत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो.

सरकारी कर्मचारी निवृत्त झाला म्हणजे त्याला निवृत्तिवेतन मिळते. येथे निवृत्त होते ते यंत्र, आणि त्याच्या निवृत्तीचा खर्च मात्र ते विकत घेणाऱ्याच्या माथी येतो. संस्थांना सुरक्षेची मुदत वाढवून हवी असेल, तर पहिल्या वर्षासाठी दर यंत्रामागे ६१ डॉलर असा दर कंपनीने जाहीर केला आणि पुढील दोन वर्षे तो दरवर्षी दुप्पट होईल असेही सांगितले. शिक्षणसंस्थांना यात मोठी सवलत आहे आणि घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना, तेथील ग्राहक संघटनांनी आवाज उठविल्यानंतर, हीच मुदत अधिक सवलतीने मिळाली. संघटित ग्राहक आणि असंघटित ग्राहक यांच्यातील फरक येथेही लपून राहिला नाही.

कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही, असे नव्हे. विंडोज-१० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली होती. दहा वर्षे एखाद्या वस्तूची विनामूल्य देखभाल करणे ही लहान गोष्ट नव्हे. नव्या यंत्रांतील सुरक्षेची व्यवस्था ही निव्वळ विक्रीची युक्ती आहे, असेही म्हणता येणार नाही. तेव्हा एका कंपनीला दूषणे देऊन हा विषय संपत नाही. खरा प्रश्न असा आहे की, चालते यंत्र केव्हा निकामी ठरवावयाचे, हा निर्णय ज्याने पैसे मोजले त्याच्या हाती का राहू नये? आणि तो राहिला नाही, तर त्याचे कारण केवळ कंपनीच्या सामर्थ्यात आहे, की आपल्या अज्ञानातही आहे?

मालक कोण?

संगणक म्हणजे नुसती धातूची पेटी. तिला कामाला लावणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात संचालन प्रणाली. कळफलकावर उमटलेले अक्षर पडद्यावर आणणे, मजकूर जपून ठेवणे, छपाईयंत्राला हुकूम देणे, ही सारी कारकुनी तीच करते. पेटी ग्राहकाच्या मालकीची असते. प्रणाली मात्र त्याला परवान्याने वापरावयास मिळालेली असते. मुंबई-पुण्याच्या भाडेकरूला ‘लीव्ह अँड लायसन्स’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जागेत राहावयाचे, पण जागा आपली म्हणावयाची नाही.

या परवान्याचे टोक किती तीक्ष्ण असू शकते, याचा अनुभव जुलै २०२५ मध्ये आला. गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय महासंघाने निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची मोठी भागीदारी आहे. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या टपालादी संगणकीय सेवा बंद केल्या. भारताच्या कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नव्हता आणि सेवेचे शुल्क भरलेले होते, असे सांगत नायराने दिल्ली उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. परंतु जे दिसावयाचे ते दिसून गेले. ब्रुसेल्समध्ये एक निर्णय होतो आणि भारतातील कंपनीच्या कर्मचाऱ्याला आपलेच पत्र उघडता येत नाही! ज्या देशाची कार्यालये, बँका आणि विद्यापीठे अशाच परवान्यांवर चालतात, त्या देशाने ही घटना एका तेलकंपनीची खासगी अडचण समजून विसरून जाणे शहाणपणाचे नाही.

१९७८ चा धडा

परदेशी कंपनीने हात काढून घेतल्यास काय होते, हे भारताने यापूर्वीही एकदा पाहिले आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांना आपला भागभांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणावा लागणार होता. आयबीएमला ते मान्य झाले नाही. जनता पक्षाचे सरकार सत्तेवर असताना, १९७८ साली, ती कंपनी देशातून निघून गेली. त्या काळी भारतातील संगणकविश्वावर तिचाच पगडा होता. ती गेल्यावर यंत्रे बंद पडतील अशी भीती होती. प्रत्यक्षात कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी संस्थेने त्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली. यंत्राचा निर्माता समोर नसताना यंत्र उघडून समजून घेणे भाग पडले. वेगवेगळ्या निर्मात्यांची यंत्रे सांभाळावी लागल्यामुळे येथील अभियंत्यांचे हात एकाच ठशात घडले नाहीत. त्याच सीएमसीने पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी केली.

त्याच दशकात युनिक्स ही संचालन प्रणाली भारतात रुजली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये तिचा पाया घातला होता. ती एकाच निर्मात्याच्या यंत्राला बांधलेली नव्हती. संगणकामुळे नोकऱ्या जातील या भयाने बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संघर्ष केला आणि १९८३ मध्ये यंत्रांच्या संख्येवर मर्यादा घालणारा करार करून घेतला. त्यानंतर बँकांत जे संगणकीकरण झाले, त्यात युनिक्सवर चालणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर आली. ती चालविणारी पिढी पुढे जगाच्या बाजारात उतरली.

या इतिहासाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. आयात बंद ठेवल्याने देशाचे नुकसानही झाले आणि संगणक सामान्य माणसापर्यंत पोहोचण्यास विलंब लागला. तरीही त्यातला एक धडा कालबाह्य झालेला नाही. ज्याला यंत्राचे अंतरंग ठाऊक असते, त्याला यंत्राचा निर्माता निघून गेल्याचे फारसे भय वाटत नाही.

कळा पाठ, विद्या अपुरी

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. यंत्रे घरोघर आली, पण त्यांची विद्या आली नाही. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत संगणक नेला, शिपाई-कारकुनापासून गृहिणीपर्यंत लाखो लोकांचा यंत्राविषयीचा संकोच घालविला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु अशा प्रशिक्षणाचा भर प्रामुख्याने एकाच कंपनीच्या प्रणालीवर आणि तिच्याच लेखन-गणन साधनांवर राहिला. विद्यार्थी ‘तक्ता म्हणजे काय’ हे शिकण्याऐवजी ‘डावीकडून तिसरी कळ दाबावी’ एवढेच शिकला. कळ जागेवरून हलली की त्याचे शिक्षण संपले.

जुन्या टंकलेखकांची गोष्ट निराळी होती. रेमिंग्टनवर बोटे बसविलेला उमेदवार गोदरेजच्या यंत्रावर बसला तरी अडत नसे. तो टंकलेखन शिकलेला असे, एखाद्या कंपनीचे यंत्र नव्हे. आजचा पदवीधर दुसऱ्या प्रणालीपुढे बसविला तर गोंधळतो आणि दोष प्रणालीला देतो.

एकाच्या ताब्यातील साधनावर विसंबण्याची किंमत मराठी भाषेनेही मोजली आहे. युनिकोड ही सार्वत्रिक संकेतव्यवस्था रूढ होण्यापूर्वी मराठीचे टंक निरनिराळ्या खासगी संकेतांवर बेतलेले असत. त्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की ‘शाळा’ या शब्दाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. कित्येक कार्यालयांचे जुने अहवाल आणि कित्येक लेखकांची हस्तलिखितवजा बाडे अशा रीतीने डोळ्यांसमोर असून वाचता येत नाहीत. त्यांना वाळवी लागलेली नाही, पण ती उघडणारी किल्ली परक्या खिशात राहिली. खुल्या संकेतांनी मराठीला या कोंडीतून सोडविले, हे प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगण्यासारखे आहे.

नोकरीच्या बाजारातही हाच नियम अधिक कठोरपणे लागू होतो. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणकसेवा कंपनीने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक लोक कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत भर मधल्या आणि वरच्या श्रेणींवर होता, आणि या कर्मचाऱ्यांची कौशल्ये व उपलब्ध कामे यांचा मेळ बसत नाही, असे कारण देण्यात आले. हिंजवडी-खराडीच्या भरवशावर वीस-वीस वर्षांची गृहकर्जे काढलेल्या मराठी कुटुंबांना या वाक्याचा अर्थ कळावयास वेळ लागला नाही. अशा कपातीमागे मागणी, नफा, नवे तंत्रज्ञान अशी अनेक कारणे असतात आणि सारा भार कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर टाकणे अन्यायाचे होईल. पण एवढे खरे की, ज्याचे कौशल्य एका उत्पादनाशी बांधलेले, त्याचे आयुष्य त्या उत्पादनाइतकेच. उलट, १९५९ मध्ये जन्मलेल्या कोबोल या भाषेतील जुने कार्यक्रम वाचू शकणाऱ्यांना चाळीस वर्षांनी, २००० सालच्या तारखांचा घोळ निस्तरताना, जगभर मागणी आली.

पर्याय आहे, परंतु फुकट नाही

यावर उपाय म्हणून लिनक्सचे नाव घेतले जाते. हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज कोणा एका कंपनीची नाही. तिचा उगम उघडा आहे, ती वापरण्यास परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि विंडोज-११ ने नाकारलेल्या कित्येक यंत्रांवर ती सुरळीत चालते. ती तज्ज्ञांपुरतीच आहे हा समज खरा नाही. ज्या अँड्रॉइड फोनवर शिक्षक हजेरीची माहिती भरतो, त्याच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. जगातील पहिले पाचशे महासंगणक तर २०१७ पासून सर्वच्या सर्व लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनेही बॉस या नावाची तिची भारतीय आवृत्ती सिद्ध केली.

मग ती कार्यालयांत का रुजली नाही? याचे उत्तर दोन ठिकाणच्या अनुभवांत सापडते. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने शतकाच्या पहिल्या दशकात आपला कारभार लिनक्सवर नेण्याचे ठरविले, हजारो यंत्रे बदलली, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. केरळने मात्र २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून शाळा मुक्त प्रणालींवर नेल्या आणि त्या तेथेच राखल्या. केरळने केवळ प्रणाली बदलली नाही. शिक्षकांना शिकविले, पाठ्यपुस्तके त्यानुसार लिहिली आणि परीक्षाही त्याच प्रणालीवर घेतली. प्रणाली विनामूल्य मिळते, पण माणसे तयार करण्याचा खर्च चुकत नाही. जो परवान्याचे पैसे वाचवितो आणि ते शिक्षकांवर खर्च करावयास नाकारतो, त्याच्या वाट्याला म्युनिकचा अनुभव येतो.

तसेच, परदेशी कंपनीच्या जागी स्वदेशी कंपनी आणून बसविली म्हणजे काम झाले, असेही समजू नये. भाडेकरूचा घरमालक बदलल्याने तो मालक होत नाही.

शासनाला येथे तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांपैकी एकही अवघड नाही. पहिली, सरकारी पैशातून यंत्र घेताना निविदेतच त्याच्या प्रणालीची देखभाल किती वर्षे होईल, हे लेखी मागावे. युरोपीय महासंघाने जून २०२५ पासून स्मार्टफोनच्या निर्मात्यांवर, विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीची सुधारणा पुरविण्याचे बंधन घातले आहे. अशी अट आपल्याकडे घालता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. दुसरी, शाळा-महाविद्यालयांतील संगणकाच्या अभ्यासक्रमात किमान दोन भिन्न प्रणाली हाताळणे सक्तीचे करावे आणि परीक्षा कळांची न घेता तत्त्वांची घ्यावी. तिसरी, विंडोज-११ ने नाकारलेली यंत्रे भंगारात काढण्यापूर्वी त्यांपैकी किती मुक्त प्रणालीवर चालविता येतील, याची तपासणी प्रत्येक जिल्ह्यात व्हावी. भारतात २०२२ चे ई-कचरा नियम आहेत. ते टाकून दिलेल्या वस्तूची विल्हेवाट कशी लावावी हे सांगतात. वस्तू मुळात का टाकली, हे विचारणारा नियम अजून व्हावयाचा आहे.

ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत आज दहा संगणक कापडाखाली झाकून ठेवले आहेत, तेथील मुलांना ते उघडून, पुसून, त्यांवर दुसरी प्रणाली चढविण्यास सांगितले, तर त्या एका आठवड्यात ती मुले जे शिकतील, ते कळा पाठ करून वर्षभरातही शिकणार नाहीत. यंत्राचे वय निर्मात्याने ठरवावे, हे आज आपण निमूटपणे मान्य केले आहे. उद्या माणसाच्या उपयुक्ततेचे वयही तोच ठरवू लागला, तर तक्रार करण्यास जागा उरणार नाही.