भाकड दिवसांची वैरण

संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. हिंगोलीतल्या एका शाळेच्या मागच्या अंगणात, पुरलेल्या मल्लखांबापुढे दहा-बारा मुले-मुली रांगेने उभी असतात. एरंडेल चोपडलेला खांब मावळतीच्या उन्हात चकाकत असतो. एकेक जण धावत येतो, खांबाला भिडतो, पायांची अढी घालतो, उलटा होतो, वर बोंडापर्यंत जातो आणि उडी घेऊन उतरतो. बघणाऱ्याला वाटते, किती सोपे! पण या रांगेत रोज एक तरी मूल असे असते, की काल ज्याने बोंडावर झोकात तोल धरला, त्याला आज साधी अढी जमत नाही. खांब तोच, तेल तेच, शिकवणारे सरही तेच. फक्त दिवस वाकडा.

अशा दिवसाचे काय करायचे, हा या लेखाचा विषय. मुलांपेक्षा मैदानाच्या कडेला उभ्या असणाऱ्या आपणा मोठ्यांसाठी तो अधिक आहे, आणि त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. जिल्ह्याच्या स्पर्धेला आठ दिवस उरले होते. हवा दमट, आदल्या रात्री वीज गेलेली, पोरीची झोप झालेली नाही. रांगेतून बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, आज हात धरंनात." मी पेशाने गणिताचा मास्तर, डोक्यात दिवस मोजणे चालू होते. म्हणालो, "आठ दिवसांवर स्पर्धा आली आणि आता कुठले नखरे? जा." ती गेली. उलटी असताना अढी सुटली. खाली गादी होती म्हणून मनगटावर भागले. सहा आठवडे प्लास्टर. स्पर्धा गेली ती गेलीच. दोष खांबाचा नव्हता, सरांचाही नव्हता. ते त्या वेळी धाकट्यांकडे बघत होते. पोरगी सांगत होती आणि मी ऐकले नाही.

आपण का ऐकत नाही? खेळाकडे आपण ठेवीसारखे बघतो म्हणून. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आमच्यासारख्या भागात, जिथे सोयाबीनचा भाव पडला की घराचे अंदाजपत्रक कोसळते, तिथे बापाने हा हिशेब केला तर त्याला हसू नये. पण हिशेब एकदा मांडला, की फुकट गेलेला दिवस डोळ्यांत खुपतो. मग आपण त्याला आळस म्हणतो, नखरा म्हणतो.

वास्तविक या खेळात सगळा जीव पकडीत. तळहात, मांड्या, पोटऱ्या, पाऊल यांच्या कातडीने लाकूड धरायचे असते. घाम आला की पकड जाते. झोप अपुरी असेल तर डोळा आणि हात यांचा मेळ चुकतो. वाढत्या वयात तर आणखी गंमत: सहा महिन्यांत पोराचे हातपाय लांबतात, वजन बदलते, आणि कालपर्यंत अंगात मुरलेला तोल नव्या शरीराला पुन्हा शिकावा लागतो. मुलींच्या बाबतीत पाळीचे दिवस असतात. कुणाला काही होत नाही, कुणाची कंबर धरते, आणि बहुतेक घरांत हे सरांना सांगायचीही चोरी. वसमतकडे हळद शिजवायच्या दिवसांत घरचे सगळेच रात्री चुलवणापाशी जागतात. त्या घरातले पोर दुसऱ्या दिवशी खांबावर ढिले पडले, तर त्यात नवल ते काय?

आता जुनी गोष्ट आठवा. उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन मल्ल आले आणि त्यांनी आव्हान दिले. (आमची हिंगोली तेव्हा निजामाकडेच. म्हणजे गोष्टीत आम्ही समोरच्या बाजूला!) ते उचलले बाळंभटदादा देवधरांनी. पण लगेच लंगोट कसला नाही. त्यांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगी देवीपुढे जाऊन बसले आणि तिथे त्यांना मल्लखांबाची विद्या सुचली, असे सांगतात. दृष्टान्ताचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. मला मोह पडतो तो त्या मुदतीचा. भर दरबारात 'आज नाही' म्हणायला दंडात कमी बळ लागत नसेल.

अगदी आपल्या काळातले पाहा. 2021 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीत एक उडी मारून बाहेर पडली. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत याचे भानच तिला राहीना. कौतुक झाले, तशी दूषणेही मिळाली. 2024 साली पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदके घेतली. प्रत्येक पोर बाइल्स नसते, हे मान्य. पण हवेत भान सुटलेल्या माणसाला 'जिद्द धर' म्हणणे धोक्याचे असते, हे तर कुणाच्याही बाबतीत खरे.

याचा अर्थ अंग जड वाटले की घरी बसावे, असा मुळीच नाही. माझ्या मुलीच्या सरांची रीत मला पटते. हात धरत नसेल त्या दिवशी मैदान चुकवायचे नाही आणि बोंडाकडे बघायचे नाही. सलामी, साध्या उड्या, खालच्या खाली अढी, सूर्यनमस्कार. नाहीतर धाकट्यांना आधार द्यायला उभे राहायचे. सांधा दुखत असेल, चक्कर येत असेल, तर मात्र खांबाला हातही नाही. कंटाळा असेल तर कंटाळ्यासकट दहा अढ्या. दोहोंतला फरक कळायला पोराला बोलते करावे लागते, आणि बोलते करायचे तर आधी खेकसणे थांबवावे लागते. लाडाने पोरे बिघडतात म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. माझ्या घरात प्लास्टर घातलेला हात सहा आठवडे वावरत होता.

त्याच काळात कळमनुरी तालुक्यातले माझे मामा पोरीला बघायला आले. मी तोंड पाडून बसलेला. म्हणालो, "मामा, वर्ष भाकड गेलं हो." ते खवळलेच. "भाकड म्हणजे काय वाया गेलं का रे? म्हैस व्यायच्या दोन महिने आधी आपणच तिला आटवतो का नाही? नाही आटवली तर पुढल्या वेताला दूध कमी. आणि भाकड झाली म्हणून कुणी वैरण तोडतं का?" उभ्या आयुष्यात ते तालमीत गेलेले नाहीत.

मुलगी आता पुन्हा खांबावर आहे. परवा तिला आणायला गेलो तर रांगेत दिसेना. बाजूला बसून एका चिमुरड्या पोराला अढीसाठी पाय कसा अडकवायचा ते दाखवत होती. घरी आल्यावर तिच्या आईने विचारले, "आज लवकर कशी गं? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, "आज भाकड होता." आणि भाकरी वाढून घ्यायला बसली.