कॅमेऱ्यातला कोनाडा

शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतीत कोनाडे आहेत. ट्रंक उचलून कुठेही नेता येते. कोनाडा मात्र घराबरोबरच राहायचा. डिजिटल कॅमेऱ्याचेही तसेच. टपाल तिकिटाएवढे मेमरी कार्ड ही त्याची ट्रंक. पण कित्येक छोट्या कॅमेऱ्यांच्या पोटात एक कोनाडाही असतो, हे मला ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाची ही गोष्ट.

२००८ सालची भाऊबीज. पुतण्या अंगणातल्या किल्ल्याचे फोटो छापून आणायला कार्ड घेऊन गेलेला. मला पत्ता नाही. आक्का ओवाळायला आली. मी कॅमेरा उचलला, तशी म्हणाली, "थांब रे, डोईवर पदर तरी घेऊ दे!" सात फोटो निघाले, आठव्याला कॅमेरा अडला. रात्री पाहतो तो किल्ला आहे, मावळे आहेत, आक्का नाही!

"तूच पुसलेस!" मी पुतण्याला चारचौघांत सुनावले. "कार्ड तर सकाळपासून माझ्या खिशात होते, काका," असे तो सांगत होता. पण ऐकतो कोण? माघात आक्का गेली, आणि तो राग माझ्या मनात तसाच राहिला.

चार दिवाळ्यांनंतर साफसफाईत तो कॅमेरा हाती आला. कार्ड काढून ठेवले, बॅटरी भरली, सहज बटण दाबले. पडद्यावर आक्का! पदर सावरीत, हातात निरांजन.

उलगडा साधा होता. कार्ड नसले की तो कॅमेरा फोटो पोटातल्या स्मृतीत ठेवी. ती जागा अवघी सोळा मेगाबाइट. म्हणून सातच मावले. पुन्हा कार्ड घातले की तो फक्त कार्डावरचेच दाखवी. ही स्मृती विजेवाचून टिकते, म्हणून बॅटरी संपूनही फोटो शाबूत राहिले.

मग चांगले काय? कार्डात जागा मोठी, कॅमेरा फुटला तरी ते वाचू शकते. पण ते हरवतेही. कोनाडा घरी विसरत नाही. पण कॅमेरा कायमचा बिघडला तर आतले काढणे अवघड. आणि काढता येते म्हणून जपले जातेच, असेही नाही. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी देशी कॅमेरा घडवला, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. फिल्म तर कॅमेऱ्यातून निघतच असे. तरी त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. जपायचे तर दुसरी प्रत हवी.

मी सातही फोटोंच्या दोन-दोन प्रती छापल्या. एक संच पुतण्याच्या हाती दिला आणि म्हटले, "चुकलो, बाबा." तो हसला. "काका, आत्या छान आलीय," एवढेच बोलला.

वाचकहो, माळ्यावर जुना कॅमेरा असेल, तर यंदा फराळाआधी त्यातले कार्ड एकदा काढून पाहा.